गोल गठ्ठे न्यायला मागचा भाला की समोरचा लोडर?

दिवाळीनंतर हार्वेस्टर धानाच्या बांधीतून निघून गेलं की मागे तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, पट्ट्यापट्ट्यानं पडून राहते. पहिले लोक काडी लावून द्यायचे, आता बेलरवाले (बेलर म्हणजे तणस गोळा करून गठ्ठा बांधणारं यंत्र) भाड्यानं येऊन गोल गठ्ठे बांधून देऊन राहिले. बांधून होतात भाऊ, पण घरी न्यायचे कसे हा सवाल तिथूनच सुरू होतो. लहान बेलरचे 20-25 किलोचे गठ्ठे दोन माणसं हातानं ट्रॉलीत फेकतात, त्यांना हे वाचायची गरज नाही. मी बोलून राहिलो ते 4 फुटी मोठ्या गठ्ठ्याबद्दल, जो वाळलेला असला तरी दीडशे-दोनशे किलोच्या घरात जातो अन् अवकाळी पावसात भिजला तर मग विचारूच नका.

ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला, म्हणजे थ्री पॉइंटला, लावायचा भाला (गठ्ठ्यात खुपसायची लांब लोखंडी सळाक), नाहीतर समोर लोडर (वर-खाली होणारे दोन लोखंडी हात) अन् त्याच्यावर भाला, असे दोन रस्ते. लोडर माझ्या साडूचा, आमचं मॉडेल एकच म्हणून एक अख्खा हंगाम माझ्याकडे होता. मागचा भाला मी स्वतः घेतला, त्याला 2 हंगाम झाले. दोन्ही माझ्याच 45 एचपीवर चालवले, तुमच्याकडे 25 वाला मिनी असेल तर माझं बोलणं कमी-जास्त करून घ्या.

लोडरचं कौतुक आधी करतो. नजरेसमोर टोचायचं, नजरेसमोर ठेवायचं, मान वळवायची भानगड नाही, एकावर एक थर लावता येतो, ट्रॉली भरता येते. मागच्या भाल्यानं ट्रॉली भरायचं नावच नको, लिफ्ट तेवढी वर जातच नाही. तणस विकायची असेल, ट्रॉल्या भरून दूर पाठवायची असेल तर पुढचं वाचू नका, लोडर घ्या.

माझं मन उतरलं ते एका गोष्टीनं. गठ्ठा खाली धरून चालवायचा हे सगळ्यांना माहीत आहे, जमिनीपासून हात-दीड हात, जेवढा खाली तेवढा ट्रॅक्टर स्थिर. पण खाली धरला की बोनेटच्या पुढे पिवळी भिंत उभी राहते, लांबचं मोहाचं झाड दिसते पण चाकापुढची 20 पावलं पांदण गायब. मग माणूस काय करतो, दिसावं म्हणून जरासा वर घेतो, अजून जरासा, अन् गठ्ठा डोक्याच्या वर गेला की खालून रस्ता दिसायला लागतो खरा, पण आता एक चाक चाकोरीत उतरलं की ट्रॅक्टर असा डुलतो की पोटात गोळा येतो. आमच्याकडे तारा पण लोंबलेल्या असतात, वर धरलेल्या गठ्ठ्याला ते एक वेगळंच भेव.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी शाळेतून येणारी एक पोरगी मला जागा द्यायला सायकल पांदणीतच टेकवून धुऱ्यावर (बांधावर) चढली. मी गठ्ठा नियमानं खालीच धरला होता. मला काहीच दिसलं नाही, फक्त कर्रकन आवाज आला अन् मी क्लच-ब्रेक दोन्ही दाबले. उतरून पाहतो तर सायकलचं चाक वाकून गेलेलं, दप्तरातल्या वह्या धुळीत, अन् पोरगी धुऱ्यावर उभी, रडत पण नव्हती, नुसती पाहत होती. सायकल दुरुस्त करून दिली, पण तिला सायकल टेकवून बाजूला व्हायला अजून दोन क्षण लागले असते तर, हा हिशोब काही डोक्यातून गेला नाही.

बाकीचं किरकोळ म्हणा. समोरच्या गठ्ठ्याची काडी झडून रेडिएटरच्या जाळीवर बसते अन् इंजिनच्या गरमीचा काटा वर चढतो, सायलेन्सरपाशी अडकलेली काडी दर फेरीला काढावी लागते. मागे वजन म्हणून रोटाव्हेटर लावावाच लागतो, कारण आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात अन् पुढे भार आला की तीच चाकं हलकी होतात. अन् भाला न लावता बकेटमध्येच गोल गठ्ठा घेणारे पाहिले आहेत मी, कृपा करून करू नका, बकेट वर घेतली की गठ्ठा हातांवरून घरंगळत सरळ ड्रायव्हरवर येतो, आपल्या ट्रॅक्टरला तर डोक्यावर काहीच नसते.

मागच्या भाल्यात भार मोठ्या चाकांवर येतो, गठ्ठा जमीन सुटेपर्यंतच उचलायचा अन् समोर पांदण मोकळी. भाला चपट्या तोंडात, मध्याच्या जरा खाली घुसवायचा, टॉप लिंक (थ्री पॉइंटचा वरचा दांडा) आखडून टोक थोडं वर ठेवायचं म्हणजे गठ्ठा सरकत नाही. खालचे दोन छोटे काटे पाहिजेतच, नाहीतर गठ्ठा भाल्यावर गरागरा फिरतो. पहिला भाला मी गावातच वेल्डिंग करून साध्या सळाकीचा बनवून घेतला होता, आठव्या-नवव्या गठ्ठ्याला तो वाकला. तेवढं करू नका, तयार मिळतो तोच घ्या.

त्रास यातही आहे, लपवत नाही. टोचताना मागे पाहून पाहून मान धरते. एका फेरीत एकच गठ्ठा, त्यामुळे बांधीत लाखोळी डाळ टाकली असेल तर जास्त तुडवली जाते. भिजलेला गठ्ठा घेऊन धुरा चढताना पुढची चाकं हलकी लागतात, स्टिअरिंग हवेत फिरल्यासारखं. चढ आला की मी रिव्हर्समध्ये चढतो अन् उतरताना सरळ, म्हणजे गठ्ठा नेहमी वरच्या बाजूला राहतो. लोडरचं याच्या उलट. अन् मोकळा भाला मागे तसाच ठेवून अंधारात रस्त्यावर जाणं म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी खरोखरचाच भाला, म्हणून काम झालं की पिन काढून मी तो उतरवूनच ठेवतो. रस्त्यावर डाव्या-उजव्या दोन्ही ब्रेक पेडलना एकत्र बांधणारी पट्टी जोडलेली पाहिजे हे तर आलंच.

ठेवताना उताराचं भान ठेवा, हे दोन्हीला लागू. तलावाच्या पाळीखाली मी एकदा गठ्ठा आडवा ठेवला अन् तो गेला ना निघून, बेशरमाच्या झुडपात अडकला म्हणून बरं. हसू येते, पण 2010 मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमध्ये असाच एक 600 किलोचा गठ्ठा उतारावरून सुटून रस्त्यावरच्या व्हॅनवर आदळला अन् इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा बँडचा जुना वादक माइक एडवर्ड्स त्यात गेला. चपटं तोंड उताराकडे करून ठेवायचा, मग घरंगळत नाही.

ज्याची 8-10 ढोरं आहेत, वावर गावापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे अन् पांदणीत बकऱ्या, पोरं, म्हातारी माणसं चालतात, त्यानं माझ्या मते मागचाच घ्यावा, बाकी ज्याची त्याची सोय. ट्रॉली भरायची असली की मी साडूला फोन करतो. तो लोडर घेऊन येतो, गठ्ठा खाली धरतो अन् मी पांदणभर त्याच्या ट्रॅक्टरपुढे दुपट्टा हलवत पायी चालतो.