दीव की गॉल? बेळगाव भागातील प्रवाशांसाठी दोन बेटांवरील किल्ल्यांची तुलना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या माणसाला पोर्तुगीज तटबंदीचे अप्रूप नाही. चोर्ला घाट उतरला की आग्वाद एका दिवसात पाहून होतो. त्याहून लांबचा, बेटावरचा किल्ला निवडायचा असेल, तर आपला दीव आणि श्रीलंकेतील गॉल यांचा विचार करावा.

दीवचा किल्ला निखळ लढाऊ आहे. हुमायूनच्या स्वारीने कोंडीत सापडलेल्या गुजरातच्या बहादूरशाहाने १५३५ मध्ये पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधू दिला; दोन वर्षांनी त्यांच्याच जहाजावरील भेटीतून परतताना तो मारला गेला, आणि पुढे १५३८ व १५४६ चे दोन्ही वेढे या किल्ल्याने पचवले. तीन बाजूंना समुद्र, जमिनीच्या अंगाला खडकात खोदलेला खंदक, बुरुजांवर अजूनही समुद्राकडे रोखलेल्या तोफा आणि समोर पाण्यात उभा ‘पाणीकोठा’ हा छोटा जलदुर्ग, हे पाहताना राजहंसगड-भीमगड पायाखाली घातलेल्या माणसाला मार्गदर्शकाची फारशी गरज पडत नाही. मात्र आत वस्ती नाही आणि सावलीही कमीच.

गॉलचा किल्ला म्हणजे नांदते गाव. तेथील पोर्तुगीज ठाणे डचांनी १६४० मध्ये जिंकले, भक्कम तट उभारला आणि १७९६ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. जुन्या दरवाजावर बाहेरून इंग्रजांचे राजचिन्ह, तर आतून डच कंपनीची मुद्रा, कोंबडा आणि रोमन अंकांत १६६९ हे साल कोरलेले आहे. २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या शहराची वाताहत झाली, तरी तटाआडची वस्ती बरीचशी वाचली. सामना चालू असेल तर तटावरून क्रिकेटचे मैदानही दिसते, हा वरकड लाभ.

खर्चात आणि खटपटीत दीव सरस ठरतो: पासपोर्ट लागत नाही, मुंबईमार्गे जाता येते, रेल्वेने वेरावळ गाठल्यास पुढे सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता उरतो आणि वाटेत सोमनाथही घडते. गॉलसाठी व्हिसा काढावा लागतो. बंगळूरहून कोलंबो आणि तेथून किनाऱ्यालगतची रेल्वे, हा मार्ग सोयीचा.

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दीवच निवडावे, कारण तेव्हा गॉलकडे दुपारनंतर जोराचा पाऊस असतो. मे महिन्यात दीवला उन्हाचा, तर गॉलला मोसमी पावसाचा जाच होतो. जानेवारी-फेब्रुवारीत रजा मिळत असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर माझे मत गॉलला. फक्त मुक्काम तटाच्या आतच करावा, म्हणजे कोलंबोहून आलेली दिवसभराची गर्दी ओसरल्यावर तटावरून निवांत फिरता येते.