चकमकीच्या बंदुकीची प्रतिकृती: नऊ महिने खाऱ्या वाऱ्यात

दिवाळीनंतर पडवीत लावलेली ही बंदूक म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतल्या 'इंडिया पॅटर्न' ब्राउन बेस या चकमकीच्या लांब बंदुकीची नक्कल. अस्सल बंदुकीची नळी 39 इंच, भोक पाऊण इंच. नकलेची मापं जवळपास जुळतात आणि पितळी कड्या देखण्या आहेत. लॉकवर, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्रणेच्या पट्टीवर, मुकुट आणि 'टॉवर' अशी अक्षरं आहेत, पण ती साच्यातच ओतलेली असल्याने कडा बोथट. त्यावरून नळी तपासलेली आहे असं समजू नये. दाबचाचणीचा शिक्का नळीवर असतो, लॉकवर नाही.

पहिले सात महिने तक्रार नव्हती. मृग लागला आणि सगळं बदललं. कुंदा, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, आंब्याच्या लाकडाचा, वर शिसवीचा रंग. पावसात तो फुगला आणि चाप खाचेत आवळला. चाप ओढल्यावर मागेच राहतो, पुढे येत नाही. मग घोडा वर केला की अडकतच नाही, थेट खाली आपटतो. त्याच्या जबड्यात चकमकीचा धारदार तुकडा आहे, म्हणजे मध्ये आलेलं बोट गेलंच. घोडा जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. तो लोखंडी स्क्रूला टेकतो तिथे पांढरी भुकटी धरली आहे. खाऱ्या दमटपणात लोखंडाला लागलेलं जस्त आधी खाल्लं जातं, त्यातलाच हा प्रकार. अर्ध्या घोड्याची खाच (घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवणारी) तर पन्नासेक वेळा वर-खाली करण्यातच झिजली. पाहुण्यांची मुलं हात लावणारच, त्यामुळे चकमकीच्या जागी लाकडी तुकडा बसवून घ्यावा.

खरी काळजी नळीची. मोहरीतून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडातून, टॉर्च मारली की आत एक सरळ रेघ टोकापर्यंत जाताना दिसते. पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला हा पाइप. मागचं बूच आट्यांवर बसवलेलं नाही, वेल्डच्या तीन टिपक्यांवर आहे. कान, म्हणजे दारू पेटवायचं नळीतलं बारीक भोक, पाडलेला नाही एवढं बरं. पण कोकणात शेतीसंरक्षण परवान्याच्या ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुका घरोघर बघितलेल्या असतात. त्यामुळे उघडी मोहरी दिसली की दसऱ्याला किंवा शिमग्याला कुणीतरी म्हणतोच, 'कान पाडू, एक बार काढू.' दारूचा दाब नळीत सगळ्या बाजूंना बसतो आणि जे कच्चं ते आधी सुटतं. शिवण उकलली तर डाव्या हाताच्या पंजाखाली, बूच सुटलं तर ते गालाच्या दिशेने येतं. सुतळी बॉम्बातली दारू काळ्या दारूपेक्षा फार झपाट्याने जळते, आणि काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा दाब तर ठासणीची चांगली नळीही सोसत नाही. गोळी न घालता 'नुसता आवाज' काढला तरी हे टळत नाही.

म्हणून घेतानाच मोहरीपासून दोन इंच आत लोखंडी गज वेल्ड करून मागावा. विक्रेते खळखळ करतात, 'शोभा जाते' म्हणतात. समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. नळी खरोखर उडवण्याजोगी निघाली तर ती शोभेची वस्तू राहत नाही, परवाना लागतो. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मधली जुन्या शस्त्रांची सूट दुरुस्ती करूनही उडू न शकणाऱ्या शस्त्रालाच आहे.

माळ्यावर आजोबांच्या काळातली खरी ठासणीची असेल तर तिचं वेगळं. ती अजून भरलेलीही असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेटते. मोहरी स्वतःपासून आणि इतरांपासून लांब धरून बांबूची काडी हळूच आत सोडावी, मोहरीपाशी खूण करावी आणि तीच काडी बाहेरून नळीला लावावी. टोक कानापर्यंत पोचायला हवं. दोन-तीन बोटं कमी पडलं तर आत काहीतरी आहे. लोखंडी सळीने उकरू नये. ठिकाणावर ठेवून पोलीस ठाण्यात कळवावं.

देखभालीचं थोडक्यात. खोबरेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं. पंधरा दिवसांनी मशीन ऑइलचा हात पुरतो, पण नळी कुंद्यावरून उतरवून खालची बाजू पुसायला हवी. गंज तिथेच लपतो. भिंतीवर टांगायला सोबत दिलेले प्लास्टिकचे प्लग चिऱ्यात धरत नाहीत. वजन चार किलो भरतं, म्हणून मागे सागवानी पट्टी आणि चार लांब स्क्रू.