पिराना म्हणून रूपचंद, शार्क म्हणून पंगास: नागपुरातल्या ‘प्रीडेटर सेट’चा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण एवढ्या सफाईने चालणारा धंदा एकट्या माझ्यासाठी उभा केला नसणार.

मला शिकारी माशांची टाकी लावायची होती. एकाच टाकीत चार-पाच जातींचे मोठे, रुबाबदार मासे, भांडण न करता राहतील असे. हे मी दुकानात शिरताच सांगितलं होतं. दुकानदाराकडे त्यासाठी ‘प्रीडेटर कम्युनिटी सेट’ तयारच होता. चार फुटी टाकी, टॉप फिल्टर, झाकण, लाइट. आत पिरानाची जोडी, शार्कची जोडी, ऑस्करची जोडी, एक क्रोकोडाइल फिश आणि वरून चार एंजल फुकट. सगळं मिळून साडेअठरा हजार. मासे सगळे दोन-अडीच इंचांचे.

‘‘भाऊ, लहानपणापासून संगं वाढले न, मंग एकमेकाले काही करत नाही. आन टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढते. टेन्शन नका घेऊ.’’

ही दोन्ही वाक्यं साफ खोटी आहेत आणि दोन्ही नागपुरात सर्रास ऐकायला मिळतात. टाकी पाहून मासा वाढायचा थांबत नाही. लहान टाकीत त्याच्याच घाणीचा अमोनिया साचतो, पाठीचा कणा वाकतो, वाढ खुंटते आणि मासा वेळेआधी मरतो. दुकानदार त्यालाच ‘सेट झाला’ म्हणतात. संगं वाढल्याचंही तेच. शिकारी मासा समोरच्याकडे एकाच हिशोबाने पाहतो: हा माझ्या तोंडात मावतो की नाही. दोन इंचांची पिल्लं एकमेकांच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून दुकानात सगळे गुण्यागोविंदाने पोहताना दिसतात. सगळे एकाच मापाचे दाखवणं ही या धंद्यातली खरी चलाखी आहे.

मग वाढ सुरू होते आणि प्रत्येकाची वेगळी. ऑस्कर पहिल्या वर्षात महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि फुटाच्या आसपास जातो. क्रोकोडाइल फिश म्हणून दिलेला मासा अ‍ॅलिगेटर गार निघाला, उत्तर अमेरिकेतला, दोन मीटरच्याही वर जाणारा. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 मध्ये सापडला आणि बातम्यांत गाजला, तोच हा. त्याला चार फुटी टाकीत ठेवणं म्हणजे वळायलाही जागा न देणं. आमच्याकडे त्याने आधी एंजल संपवले. चारही. फुकटचे एंजल का दिले होते, ते तेव्हा लक्षात आलं.

पिरानाचं बिंग मात्र मी फोडलं नाही, आमच्या गल्लीत रविवारी मासोळी घेऊन येणाऱ्या मावशींनी फोडलं. पाणी प्यायला आत आल्या, टाकीसमोर थांबल्या आणि हसायलाच लागल्या.

‘‘अगा बाबू, हा तं रूपचंद हाय! आणखी मोठा होऊ दे, मंग सांग, कापून देते.’’

त्यांचं बरोबर होतं. रूपचंद म्हणजे लाल पोटाचा पाकू. हा पिरानाचा नातेवाईक, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तळ्यांत खाण्यासाठी वाढवला जातो आणि बाजारात किलोवर विकला जातो. लहान असताना त्याचं पोट तसंच तांबडं आणि अंगावर तसेच ठिपके, म्हणून पिराना म्हणून खपवणं सोपं. ओळखायचं असेल तर तोंड पाहा. पिरानाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात त्रिकोणी, धारदार. रूपचंदाचे दात माणसाच्या दाढांसारखे चौकोनी, चपटे, कारण तो निसर्गात मुख्यतः फळं आणि बिया फोडून खातो. माझ्या जोडीचे चोवीसशे लावले होते. बरं, पिराना मिळाले असते तरी मला चाललं नसतं, कारण पिराना या सेटमधल्या कोणाबरोबरच ठेवायचा मासा नाही. म्हणजे मालही खोटा आणि सल्लाही खोटा.

मग शार्ककडे नीट पाहिलं. तो पंगास. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो, बहुतेक वेळा तोच. मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला, मीटरभराच्या वर वाढणारा, कळपात राहणारा आणि अतिशय घाबरट. लाइट लावला की काचेवर धडका. दोघांचीही नाकं सोललेली होती. शिवाय रूपचंदांनी ऑस्करचे पर कुरतडायला सुरुवात केली होती. तळाच्या दगडाआड लपलेला ऑस्कर ज्याने पाहिलाय त्याला कळेल किती वाईट वाटतं. हा मासा माणूस ओळखतो, खाणं मागायला काचेशी येतो.

दुकानात गेलो तर आधी दोष पाण्याला. निळं औषध घ्या, अमोनिया कमी करायचं लिक्विड घ्या. मग म्हणे सहा फुटी टाकी घ्या, जुनी आम्ही अर्ध्या किमतीत घेऊ. व्हिजिटिंग कार्डामागे त्यानेच पेनने ‘एक्स्चेंज गॅरंटी’ लिहून दिलं होतं, ते पुढे केलं. त्यावर उत्तर, ती गॅरंटी फक्त पहिल्या दिवशी मेलेल्या माशाची. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, ‘‘जमत नसन तं अंबाझरीत सोडून द्या न.’’

हे मला पैशांपेक्षा जास्त खटकलं. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, वस्त्यांत पाणी शिरलं, नाग नदीला पूर आला. तलावात सोडलेला गार अशा पाण्याबरोबर नाग नदीत, तिथून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत जाऊ शकतो. आपल्या देशी मासोळीवर मावशींसारख्यांचं पोट आहे. फुटाळा, गोरेवाडा, कुठल्याही तलावात असले मासे सोडू नका, दुकानदाराने कितीही सहज सांगितलं तरी.

खरंच चार फुटी टाकी असेल, म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी, तर त्यात ऑस्करची जोडी आणि तगडा फिल्टर एवढंच पुरे. सहा फुटी असेल तर ऑस्करसोबत सिल्व्हर डॉलरचा थवा ठेवता येतो. हाही रूपचंदाच्याच गोतावळ्यातला, पण सहा इंचांवर थांबतो. सेव्हरम चालतो, तळाला सेनेगल बिचिर चालतो. फक्त हे सगळे ऑस्करच्या तोंडात न मावणाऱ्या मापाचे घ्या, आणि तरी एखादा ऑस्कर माथेफिरू निघू शकतो म्हणून वेगळी टाकी हाताशी असू द्या. आपल्याकडचा मे महिना विसरू नका. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठ्या माशांना तो जास्त लागतो. माझे दोन्ही पंगास त्याच महिन्यात गेले, एका रात्री लाइट गेली तेव्हा.

घेण्याआधी माशाचं शास्त्रीय नाव बिलावर लिहून मागा. ‘शार्क’, ‘क्रोकोडाइल’ असली नावं लिहिलेलं बिल काही कामाचं नाही, तोच मासा उद्या दुसऱ्या नावाने विकता येतो. मला कच्चं बिल मिळालं होतं, पण पैसे यूपीआयने दिले होते, आणि दुकानदाराचा सेटबद्दलचा मेसेज फोनवर होता. त्या जोरावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, ‘‘भाऊ, समजून घ्या न’’ सुरू झालं आणि तेवढ्याच रकमेचे दुसरे मासे देतो म्हणाला. मी रोख मागितली आहे.

रूपचंदांची जोडी मावशींच्या ओळखीच्या एका तळेवाल्याकडे गेली, त्याच्याकडे आधीपासून रूपचंदच आहेत. गार अजून माझ्याकडे आहे. चारही बाजूंनी बंद, पुराचं पाणी न पोचणारी मोठी सिमेंटची टाकी कोणाकडे असेल तर कळवा. आधी टाकीचा फोटो पाठवा, मी येऊन पाहीन, मगच देईन.