साउनाच्या बाकाला पाइन की हापा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरातल्या एका शनिवारी साउनाच्या, म्हणजे गरम वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीच्या, वरच्या बाकावरून उठताना मुलीच्या मांडीला वितळलेल्या राळेचा जाड थेंब चिकटला आणि ती कळवळली. तेव्हापासून हा अनुभव लिहायचे मनात होते.

फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या आमच्या रो-हाऊसचा साउना आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये आतून नवा करून घेतला. भिंतींना स्प्रूसची पॅनेल लावली आणि बाकांना पाइनच्या फळ्या घेतल्या. हापा, म्हणजे अ‍ॅस्पेन झाडाचे लाकूड, जवळजवळ दुप्पट महाग पडत होता आणि पाइन घेतल्याने शंभरएक युरो वाचत होते. फळ्यांना गाठी होत्या, पण विक्रेत्याने त्याने काही बिघडत नाही असे सांगितले आणि मी ते मान्य केले.

पहिले दोन महिने आम्ही तापमान ६५ अंशांच्या पुढे नेले नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. थंडी वाढली, आम्ही ८५ अंशांपर्यंत जाऊ लागलो आणि गाठीगाठीतून राळ पाझरू लागली. थंड झाल्यावर ती पातीने खरवडायची, उरलेला डाग टर्पेंटाइनने पुसायचा, आणि पुढच्या शनिवारी त्याच गाठीतून नवा थेंब यायचा. राळेहूनही मला गाठींचाच त्रास अधिक झाला. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असते, म्हणून साठलेली उष्णता ती त्वचेला फार झपाट्याने देते; गाठीवर तळवा टेकवत नसे, आणि चार बोटांवरच्या स्वच्छ लाकडावर मात्र निवांत बसता येई. बाकाचे स्क्रू खालच्या बाजूने मारतात तेही याच कारणाने. मी वरच्या बाकावरच्या गाठी मोजल्या, तर त्या एकतीस भरल्या.

दुकानात तक्रार केली तेव्हा गाठ आणि राळ हे लाकडाचे नैसर्गिक गुण असल्याने तो दोष धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. लाकडापुरते ते खरे आहे. पण मी मोजमाप देऊन, बाकासाठी हवे असे सांगून माल घेतला होता. सुमारे ५५ लाख लोकांमागे जवळपास ३० लाख साउना असलेल्या या देशात, बाकाला बिनगाठीचे आणि बिनराळेचे लाकूड लागते हे विक्रेत्याला ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

वडिलांनी फोनवर सागवान सुचवले. दारे-खिडक्यांना त्याच्या तोडीचे लाकूड नाही हे मीही मानतो, परंतु सागवानाचे वजन घनमीटरला ६५० किलोच्या आसपास आणि हापाचे साधारण ४५०. उघड्या अंगाने तापल्या फळीवर बसायचे असेल तर हलकेच लाकूड हवे. पश्चिम आफ्रिकेतला अबाची त्याहूनही हलका असतो, पण हापा इथलाच, म्हणून मी तोच घेतला.

जानेवारीत फक्त वरच्या बाकाला २८ × ९० मिलिमीटरच्या बिनगाठीच्या फळ्या घातल्या. पहिल्याच दिवशी ८५ अंशांना टॉवेल न अंथरता बसता आले, याचा आनंद मी अजून विसरलेलो नाही. पाइन-स्प्रूससारखे सूचिपर्णी लाकूड साउनात आणूच नये, असे माझे तोवर ठाम मत झाले होते. ते मी मागे घेतो. स्प्रूसच्या भिंतींवर नऊ महिन्यांत छताजवळ दोनच बारीक थेंब दिसले, आणि तिथे कुणी टेकत नाही. पाठ टेकायची फळी मात्र हापाचीच हवी.

हापाचीही एक खोड मार्चमध्ये कळली : जिथे ओले अंग वारंवार टेकते तिथे पांढऱ्या लाकडावर काळपट डाग पडले. आता वापरानंतर फळ्या धुऊन, दार उघडे ठेवून, साउना उरलेल्या उष्णतेवर कोरडा होऊ देतो, आणि फळ्यांना साउनासाठी मिळणारे पॅराफिन तेल दिले आहे. नवे डाग थांबले, जुने राहिले. शेजाऱ्यांकडे काळ्या अल्डरची बाके आहेत, त्या तांबूस रंगावर डाग उठून दिसत नाहीत. आज निवड करायची असती तर मी त्याचाही भाव विचारला असता.

खालचे बाक अजून पाइनचेच आहे. तिथे उष्णता बरीच कमी असते आणि फक्त पाय टेकतात, त्यामुळे ते बदलण्याचा खर्च मी करणार नाही. वरच्या बाकाच्या काढलेल्या फळ्यांची बाल्कनीत कुंड्यांसाठी मांडणी केली आहे. तिथे त्यांतून आजवर राळेचा एक थेंबही आलेला नाही.