‘इंजिन बाद झाले, शंभर डॉलरला घेऊन जातो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

ओहायो आणि आसपासच्या राज्यांत घराभोवती एकरभर गवत बाळगून असलेल्या मराठी मंडळींनी हे अवश्य वाचावे, कारण एप्रिल उजाडला की घरी येऊन लॉन ट्रॅक्टर (वर बसून गवत कापायचे यंत्र) दुरुस्त करणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्यांतल्या काहींचा डोळा दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा ट्रॅक्टरवरच असतो. माझ्या बाबतीत हा प्रकार कोलंबसच्या एका उपनगरात घडला.

माझ्या ट्रॅक्टरला एका सिलिंडरचे, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे (म्हणजे झडपा सिलिंडरच्या माथ्यावर असलेले) इंजिन आहे. किल्ली फिरवली की ते जेमतेम अर्धा फेरा घेऊन अडकत असे आणि स्टार्टर नुसता कण्हत राही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर एखाद्या वेळी ते झटकन सुरू होई आणि मग सगळे आवार कापून होईपर्यंत विनातक्रार चाले. हे लक्षण नीट ध्यानात ठेवावे, कारण सगळी मेख त्यातच आहे.

आलेला मेकॅनिक मोठा गोडबोल्या होता. बॅटरी उतरली आहे, असे सांगून त्याने प्रथम नवी बॅटरी गळ्यात मारली. त्याने काही फरक पडेना, तेव्हा स्टार्टर झिजल्याचे निदान झाले आणि तोही बदलला गेला. ‘नव्या’ स्टार्टरच्या दात्यांच्या कडा झिजून चकाकत होत्या आणि ताज्या काळ्या रंगाखाली वाळलेल्या गवताचा थर जसाच्या तसा होता. जुना स्टार्टर मागितला, तर तो कंपनीला परत पाठवल्याचे उत्तर मिळाले. तरीही इंजिन अडकतच राहिले, तेव्हा त्याने हात वर केले: इंजिन आतून बाद झाले आहे, नवे बसवण्याचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीहून जास्त होईल, त्यापेक्षा मी शंभर डॉलर देऊन भंगारात घेऊन जातो. आतून बाद झालेले इंजिन एकदा सुरू झाल्यावर तासन् तास कसे चालते, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हते.

शेजारचे एक निवृत्त मशिनिस्ट गृहस्थ मदतीला आले. त्यांनी स्पार्क प्लग काढला, त्याची वायर ठिणगी उडणार नाही अशी दूर बांधली आणि किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन भिंगरीसारखे फिरले. म्हणजे बॅटरी, केबल आणि स्टार्टर यांत काहीच दोष नव्हता. इंजिन अडकत होते ते सिलिंडरमधल्या हवेच्या दाबापाशी.

अशा इंजिनात सुरू होतानाचा हा दाब कमी करण्याची सोय कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यावर, केलेली असते. इंजिन संथ फिरत असताना तिथला एक बारीकसा उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो आणि थोडी हवा निसटू देतो. वापराने व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांमधली फट वाढली की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, पूर्ण दाब स्टार्टरवर येतो आणि धडधाकट स्टार्टरही हतबल होतो. माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत इनटेकची (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) फट ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्याची) ०.००५ ते ०.००७ इंच सांगितली आहे. पिस्टन दाबाच्या फेऱ्यात माथ्यावर आणून पाव इंच खाली नेल्यावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ती तपासली, तेव्हा दोन्हीकडे बरीच जास्त भरली. ती जुळवली आणि किल्ली फिरवताच ट्रॅक्टर सुरू झाला. खर्च झाला तो फक्त फिलर गेजचा आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचा.

शंभर डॉलरला नेलेला ट्रॅक्टर एवढेच काम करून पुढे कितीला विकला गेला असता, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

म्हणून कोणी बॅटरी बदलायला सांगितली, तर आधी मीटर लावायला सांगावा. पूर्ण भारलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना ती ९ च्या खाली घसरत असेल, तरच तिच्यावर संशय घ्यावा, आणि तेव्हाही आधी अर्थिंगच्या केबलचे गंजलेले टोक घासून पाहावे. इंजिन जोरात फिरूनही पेट घेत नसेल, तर ते दुखणे वेगळे. हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, बसलेला असतो, आणि अनेकदा तो साफ करूनच भागते; अख्खा कार्ब्युरेटर बदलण्याची घाई करू नये.

ओहायोच्या ग्राहक नियमांनुसार दुरुस्तीपूर्वी खर्चाचा अंदाज मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि काढलेला भाग ठेवून घ्यायचा किंवा परत पाठवायचा असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याने ते काम सुरू करण्यापूर्वीच सांगावे लागते. मला तसे काहीच सांगितले गेले नव्हते. मी पावत्या आणि स्टार्टरचे फोटो जोडून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे तक्रार केली. त्यानंतर स्टार्टरचे पैसे परत आले. बॅटरीचे आलेले नाहीत, आणि ‘नादुरुस्त ट्रॅक्टर घरून उचलून नेऊ’ ही त्या गृहस्थाची जाहिरात अजूनही चालू आहे.