वर्गासाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स, की आपलाच दोन फाशांचा खेळ?

टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची आणि काम फत्ते होईल की फसेल अशी शंका आली की फासा टाकायचा. अशा खेळातून शाळेचे विषय शिकवता येतात का, असं बरेच शिक्षक विचारतात. येतात. पण कुठला खेळ घ्यायचा, इथे घोळ होतो. लालबागच्या मराठी शाळेत मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा तयार खेळ आणि साध्या दोन फाशांवर आपणच रचलेला खेळ, असे दोन्ही करून पाहिले, त्यावरून हे लिहितेय.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पन्नास वर्षं घासूनपुसून पक्का झालेला खेळ आहे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय देऊन ते छापता येतात, मराठीतही आणता येतात. अडचण आकाराची आहे. २०१४ चं खेळाडूंचं पुस्तकच ३२० पानांचं. सातवीच्या मुलांना मी पात्राचा तक्ता भरायला दिला, तेव्हा दोन तासिका "बाई, डेक्सटेरिटी म्हणजे?" यातच गेल्या. चौघापाचांची एक लढाई सहज पाऊण तास खाते, आणि आपली तासिका ३५ मिनिटांची. वर्गात मुलं ४५.

तरी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणारी पाचसहा मुलं असतील, तर मी हाच खेळ देईन. फाशांचा संच हातात आला की भूमिती आपोआप सुरू होते. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे हे पाच सुसम घन (सगळी पृष्ठं एकसारखी आणि समभुज-समकोन असलेले आकार), दहा पृष्ठांचा मात्र त्यांत बसत नाही. का नाही, हे मुलांनाच शोधू द्यावं. वीसवाल्याची पृष्ठं, शिरोबिंदू आणि कडा मोजायला लावा: २०, १२ आणि ३०. पृष्ठं आणि शिरोबिंदू मिळून कडांपेक्षा दोनने जास्त, हे सूत्र मुलं बोटाने मोजून काढतात. शिवाय इंग्रजी नियम वाचायची त्यांची जिद्द बघण्यासारखी असते.

संभाव्यतेसाठी मात्र साधे दोन फासे जास्त कामाचे. घरोघरी सापशिडीच्या डब्यात पडलेले असतात. नमुना अवकाशात, म्हणजे पडू शकणाऱ्या सगळ्या जोड्यांत, ३६ घटक, सगळे फळ्यावर मावतात. आमच्या खेळात बेरीज ८ किंवा जास्त आली की काम जमलं: ३६ पैकी १५ वेळा. पात्राने विचार करून चांगली युक्ती लढवली की २ ची भर. मग ६ पुरतात, म्हणजे ३६ पैकी २६ वेळा. पण १२ हवे असतील तर तीच भर १ वरून ६ वर नेते. एकच भर कधी ११ घटकांची, कधी ५ ची का होते, यावर आमच्या दहावीच्या वर्गात वाद झाला आणि मुलांनी आपण होऊन सगळी कोष्टकं मांडली. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या वीस पृष्ठांच्या फाशावर २ ची भर शक्यता साधारण कुठेही १० टक्केच वाढवते. ते सोपं आहे, पण वाद घालायला तिथे काही उरत नाही.

इतिहासात आपला खेळ पुढे निघून जातो, कारण गोष्ट आपल्या गल्लीतली असते. मी मुंबईतला १८९६ चा प्लेग घेतला. मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, तिथून सुरुवात. मुलं झाली गोदीतला हमाल, गिरणीतली बाई, परिचारिका, धान्याच्या गोदामातला मुनीम. एका मुलीने मध्येच विचारलं, "बाई, पिसवांमुळे होतो हे मला माहीत आहे, पण मुनिमाला माहीत नाही. मग मी काय करू?" अगदी बरोबर. पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये दाखवला. तिने थोडा विचार केला आणि मुनिमाकडून वदवलं, "गोदामात आधी उंदीर मरतायत, मग माणसं." निरीक्षणावरून अनुमान काढायचं म्हणजे काय, हे मला इतक्या चांगल्या रीतीने कधी समजावता आलं नव्हतं. पुढच्या तासिकेला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली, हे सांगितलं तेव्हा वर्ग चिडीचूप होता.

या खेळाच्या उणिवाही सांगते. तयारी सगळी तुमची. एका प्रसंगासाठी माझी एक रविवार-दुपार जाते. मी ४५ मुलांचे पाच गट करते, गट मिळून एक पात्र. नऊजणांत दोघेतिघे मागे लपतातच. फासा टाकणारा आणि बोलणारा दर फेरीला बदलला तर थोडा फरक पडतो. तयार खेळात पाचजणांत लपायला जागाच नसते, हा त्याचा मोठा गुण.

माझी पहिली चूक तुम्ही करू नका. प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं तरच फासा, असा नियम मी केला होता. दोन दिवसांत त्याची प्रश्नमंजुषा झाली आणि हुशार मुलंच खेळत राहिली. माहिती ही गोष्टीतली हत्यारं म्हणून हाती यायला हवी, दारावरचा जकातनाका म्हणून नको.

शिवकाल घेणार असाल तर महाराजांचं भवितव्य फाशावर टाकू नका. मुलांना हरकारा, पाणक्या, गडावरचा पहारेकरी होऊ द्या. आणि साथीचा विषय घेण्याआधी वर्गात करोनात घरचं माणूस गेलेलं कुणी आहे का, याची वर्गशिक्षकांकडे हळूच चौकशी करा. मी पहिल्यांदा केली नव्हती. एक मुलगा खेळातलं पात्र दगावल्यावर बाहेर जाऊन बसला, तो तास संपेपर्यंत आत आला नाही. आता प्रत्येक पात्राला गाव सोडून जायची वाट मी ठेवतेच. १८९६ मध्येही हजारो लोक मुंबई सोडून गेलेच होते.

म्हणून भरलेल्या वर्गात, तासिकेत, मराठीतून शिकवायचं असेल तर दोन फाशांचा आपला खेळ घ्या. मोजकी, स्वतःहून थांबणारी मुलं आणि मोकळा दीड तास असेल तर डन्जन्स अँड ड्रॅगन्स. वीस पृष्ठांचा फासा मिळाला नाही तर १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात टाका, काम भागतं. आणि फासे बाकावर न टाकता घडी घातलेल्या रुमालावर टाकायला लावा, म्हणजे शेजारच्या वर्गातून निरोप येत नाही.