गोळी कमी करताना साथ देणारं मेडिकल, विश्रामबाग, सांगली

बरीच वर्षं चालू असलेली एस्सिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) डॉक्टर हळूहळू कमी करतायत. १० वरून ५ मिलिग्रॅमला फारसं जाणवलं नाही. ५ च्या खाली मात्र चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, छातीत धडधड. काउंटरवरच्या ताई चिठ्ठी नीट वाचतात, मनानं एकदम बंद करू नका म्हणून बजावतात. अर्धी करायची गोळी मधे रेघ असलेलीच देतात, कंपनीही बदलत नाहीत. आणि चारचौघांत गोळीचं नाव मोठ्यानं घेत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. रात्री घाबरायला झालं तर असावा म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांनीच पाकिटावर लिहून दिला; चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी जा.